स्प्रिंग नवी, शॉकअप जुना : हिशेब आधी करा

मोटार जमिनीलगत बसवून घेण्याची हौस तरुण गिऱ्हाइकांना असते आणि हे काम पुष्कळदा आपल्याच गॅरेजवाल्या बांधवांच्या हाती येते. गिऱ्हाईक म्हणते, "उस्ताद, स्प्रिंग तेवढी बदला, शॉकअप आहे तोच राहू द्या." नाही म्हटले तर ते शेजारच्या दुकानात जाते. हो म्हटले आणि पुढे बिघडले तर नाव आपले जाते. म्हणून या कामाचा नफा-तोटा आम्ही येथे मांडत आहोत.

दोघांचे काम वेगळे

स्प्रिंग मोटारीचे वजन तोलते. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. कारखान्यात या दोघांची जोडी जुळवूनच बसविलेली असते. लोअरिंग स्प्रिंग आखूड असते आणि चांगल्या मालात ती जास्त कडकही असते, कारण चाकाला वर जाण्यास जागा कमी उरते. आता जुन्या शॉकअपला जास्त जोराची उसळी आवरावी लागते. त्याची दांडी उभ्या गाडीतही अधिक आत दबलेली राहते आणि खड्ड्यात बंप रबर लवकर टेकते. शॉकअप आधीच थकलेला असेल तर गाडी उड्या मारते, तेल गळू लागते. विटलेल्या अस्तरावर नवे कापड चढवावे, तशातला हा प्रकार.

मग जुना शॉकअप ठेवूच नये काय? तसे नाही. 1951 साली स्थापन झालेली जर्मनीची आयबाख कंपनी आपला प्रो-किट हा स्प्रिंगचा संच मूळ शॉकअपवर चालेल असाच बनविते. मात्र असा माल मोटारीच्या मॉडेलप्रमाणे तयार होतो. आमच्या मते तीन अटी पाळाव्यात. गाडी 25-30 मिलिमीटरहून जास्त खाली घेऊ नये. शॉकअप कोरडा आणि दमदार असावा. स्प्रिंग त्याच मॉडेलची असावी. याहून खाली हवी असेल तर आखूड शॉकअपचाही खर्च गिऱ्हाइकाने धरावा.

कापू नका, तापवू नका

पैसे वाचविण्यासाठी काही ठिकाणी मूळ स्प्रिंगच कापतात. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा पाचव्या हिश्शाने वाढतो, पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसने तापवली तर पोलादाचे पाणी उतरते; अशी स्प्रिंग पुढे दबत जाते किंवा तुटते. नवी स्प्रिंग बसविल्यावरही गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळू द्यावे. स्प्रिंग बैठकीत सैल खेळत असेल तर तो माल त्या गाडीचा नव्हे.

बसविताना घाई नको. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावावेत आणि स्प्रिंग माउंटवरून मोकळी झाल्याशिवाय मधला नट खोलू नये. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे कसावेत, नाहीतर बुश पिळले जाऊन लवकर फाटते. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा तपासावी. उंची बदलली की दोन्ही बदलतात.

रस्ता आणि कागद

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. त्यावर चाकेही चढतात, म्हणून गाडीचे पोट सहसा वाचते. गल्लीतला अरुंद गतिरोधक मात्र पुरा पोटाखाली येतो. गाडीखाली 170 मिलिमीटर जागा असेल आणि 35 कमी केली तर उरतात 135. त्यातून 100 गेले की शिल्लक 35. पाच माणसे बसल्यावर यातले किती उरेल, हे गिऱ्हाइकालाच विचारावे.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 खाली, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले. जर्मनीत अशा स्प्रिंगसोबत तपासणीचा कागद मिळतो. आपल्याकडे गिऱ्हाइकाने आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे, नाहीतर अपघातानंतर भरपाईवरून वाद उभा राहू शकतो.

आमची सूचना एवढीच, की काम हाती घेण्यापूर्वी कागदावर हिशेब लिहून द्यावा : स्प्रिंग, बंप रबर, माउंट, मजुरी, अलाइनमेंट, आणि शॉकअप गेला तर त्याचा खर्च वेगळा. शॉकअप काढल्यावर तो ओला दिसला तर तेथेच थांबून मालकाला बोलवावे. आकडा पाहून एखादे गिऱ्हाईक परत जाईल. जे थांबेल ते पुढच्या वेळी आपल्या भावालाही घेऊन येईल.