लोकलच्या खडखडाटातून टेक्नो
टेक्नो हे मिनिटाला साधारण 120 ते 140 ठोक्यांच्या सम लयीत चालणारे, 1980 च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात आकारास आलेले यंत्रसंगीत होय. मात्र मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच रोलंड कंपनीच्या टीआर-808 (ठेका यंत्र) आणि टीबी-303 (बास यंत्र) यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले होते. त्या यंत्रांतील 16 घरांचा सिक्वेन्सर, म्हणजे घराघरांत ध्वनी ठेवून तो क्रम अखंड फिरवणारी चौकट, आज एलएमएमएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उपलब्ध आहे. प्रायोगिक टेक्नो शिकणाऱ्याने ठाणे-कल्याण लोकलचा खडखडाट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याचे काही मिलिसेकंदांचे कण पाडावेत आणि ते नव्या क्रमाने जुळवावेत. या पद्धतीस ग्रॅन्युलर संश्लेषण म्हणतात. त्यानंतर 16 घरांच्या ठोक्यावर कोळीगीतांतील सहा मात्रांच्या झोक्यावर बेतलेला 12 घरांचा आकृतिबंध चढवल्यास दोहोंची सम थेट 48 घरांनी जुळते, आणि तोवर दोन लयींचे नाते सतत सरकत राहिल्याने मोजक्या ध्वनींतूनही वैविध्य निर्माण होते.
#टेक्नो #ठाणे #कल्याणडोंबिवली