विश्लेषण : जुने स्पिंडल मोल्डर घेताना स्पिंडलचे माप का तपासावे?

दाराच्या चौकटीला खाच पाडणारे, फर्निचरच्या कडेला गोलाई देणारे स्पिंडल मोल्डर अनेक कारखानदार जुने विकत घेतात. बिडाचे टेबल आणि सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. झिजतात ते स्पिंडल आणि बेअरिंग. त्यामुळे सौदा स्वस्त पडला की महाग, हे नव्या रंगावर नव्हे, तर याच भागांवर ठरते.

शेपर की स्पिंडल मोल्डर?

टेबलाच्या मध्यातून वर आलेला उभा दांडा म्हणजे स्पिंडल. त्यावर कटर बसवून नटने आवळतात. अमेरिकेत या यंत्राला शेपर म्हणतात. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये मात्र शेपर म्हणजे धातू तासणारे यंत्र. म्हणून सुटे भाग मागताना ‘लाकडाचे’ असे स्पष्ट सांगावे.

माप चुकल्यास काय होते?

अमेरिकी यंत्रांत अर्धा, पाऊण, एक आणि सव्वा इंची स्पिंडल असतात. युरोपीय यंत्रांत ३० मिमी प्रचलित आहे. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी. या भोकाचा कटर ३० मिमीच्या स्पिंडलवर सहज बसतो, पण १.७५ मिमी ढिला राहतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांना १२५ मिमी व्यासाच्या कटरची धार ताशी १४० किमीहून अधिक वेगाने फिरते. अशा वेळी मध्य चुकलेला कटर थरथरतो, नट सैल होऊ शकतो आणि कारागिराच्या जिवावर बेतते. फटीत पत्रा गुंडाळणे हा उपाय नव्हे. अचूक मापाचे बुश किंवा योग्य भोकाचा कटरच हवा.

स्पिंडल बदलतात कसा?

सर्वच यंत्रांत तो बदलता येत नाही. बदलता येणाऱ्या प्रकारात स्पिंडलचे निमुळते टोक खालच्या पोकळ दांड्यात बसते आणि ड्रॉबारने खेचून धरले जाते. आधी वीजपुरवठा पूर्ण तोडावा. कटर काढून ड्रॉबार सैल करावा. अडलेच तर पितळी हातोडीने हलके ठोकावे. निमुळता भाग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावा, कारण लाकडाचा बारीक कणही स्पिंडल तिरका करतो. बसवल्यावर डायल गेजने डगमग तपासावी, हाताने फिरवून पाहावे आणि मगच कमी वेगावर चाचणी घ्यावी.

सुटे भाग कुठे मिळतात?

कंपनी बंद पडली तरी बेअरिंग अडत नाही; त्यावरचा क्रमांकच त्याचे माप सांगतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि रुंदी १५ मिमी. व्ही-बेल्टवरही अक्षर व आकडा असतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात असे प्रमाणित भाग मिळतात. अडचण होते ती ड्रॉबार, नट आणि बिडाच्या भागांची. जुन्या ब्रिटिश यंत्रांचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, ५५ अंशांचे असतात. मेट्रिक आटे ६० अंशांचे. एकावर दुसरा नट जबरदस्तीने चढवल्यास दोन्ही खराब होतात.

लेथवर करून घ्यावा का?

साध्या लोखंडी सळईचा कधीच नको. योग्य मिश्रधातूचे पोलाद, उष्णता प्रक्रिया, ग्राइंडिंग आणि संतुलन एवढे सगळे लागते. हा खर्च आणि मूळ स्पिंडल मिळण्याची शक्यता पाहूनच जुन्या यंत्राची किंमत ठरवावी.