पंढरपूरचे विठ्ठलमंदिर : वास्तुरचना आणि स्पर्शाची उपासना

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचा विचार मराठीचे अभ्यासक प्रायः संतवाङ्मयाची पार्श्वभूमी म्हणून करतात. परंतु या वास्तूचा आणि तेथील उपासनेचा परस्परसंबंध ध्यानात घेतल्याशिवाय अभंगांतील ‘महाद्वार’, ‘पायरी’, ‘चरण’ या शब्दांचा पुरता अर्थ लागत नाही. हा संबंध मुख्यतः स्पर्शाचा आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

मंदिराची आजची रचना एका कालखंडातील नाही. पूर्वाभिमुख महाद्वारातून आत शिरलेला भक्त मुक्तिमंडप, सोळखांबी व चौखांबी ओलांडून लहानशा गाभाऱ्यात पोहोचतो. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचे नित्योपचार अन्यत्रही आढळतात. अनेक मोठ्या देवस्थानांत मात्र मूर्तिस्पर्श पुजाऱ्यांपुरताच मर्यादित असतो. येथे भक्त सोळखांबीतील गरुडखांबाला आलिंगन देतो आणि पुढे प्रत्यक्ष विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवतो.

मंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) या काळातील या लेखात मंदिरास दान देणाऱ्यांची नोंद असून यादव राजा रामचंद्र व हेमाद्री यांचाही उल्लेख आहे. या शिळेला पाठ घासल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने भाविकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घासली. परिणामी आद्य मराठीचे हे मोलाचे साधन झिजले. मूर्तीची झीज रोखण्यासाठीही वेळोवेळी वज्रलेप करावा लागला आहे.

हा स्पर्श सर्वांना मोकळा नव्हता. संतांची चरणधूळ लाभावी म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी पत्करली, असे परंपरा सांगते; वारकरी तिच्यावर पाय न ठेवता मस्तक टेकतात. तिच्यासमोरच चोखामेळ्याची समाधी आहे. एकाने पायरी स्वेच्छेने निवडली. दुसऱ्याला तिच्यापलीकडे जाण्यास मज्जाव होता. साने गुरुजींच्या १९४७ सालच्या उपोषणानंतर मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले.

तात्पर्य, चोखामेळ्याच्या अभंगांतील महाद्वार ही केवळ काव्यप्रतिमा नव्हे. ती दगडात बांधलेली सीमा होय. ज्या स्पर्शाने शिळेवरील अक्षरे झिजली, तोच स्पर्श त्याला नाकारला गेला. हे अभंग शिकविताना मंदिराचा आराखडा विद्यार्थ्यांपुढे ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.