आरोग्य योजनेचं कार्ड आहे, मग बायकांच्या दुखण्याला पैसे का लागतात?

पालकसभेनंतर माता आम्हा शिक्षकांना हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, कार्ड तर काढलंय, मग दवाखान्यात पैसे का घेतले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर समजून घेतलं तर पैसाही वाचेल आणि दुखणंही अंगावर काढावं लागणार नाही.

आधी योजनेत काय बदललं ते पाहू. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली. रेशन कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, सगळी चालतात. कुटुंबाला वर्षाला मिळणारं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं.

पण हा विमा मुख्यतः दवाखान्यात भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहे. नुसतं डॉक्टरला दाखवणं, गोळ्या घेणं, सोनोग्राफी करून घरी येणं हे त्यात बसत नाही. बायकांची बहुतेक दुखणी मात्र इथूनच सुरू होतात: पाळी पुढेमागे होणं, अंगावरून पांढरं जाणं, खाज, दोन मुलांत अंतर ठेवणं. म्हणून दोन वाटा लक्षात ठेवायच्या.

पहिली वाट कार्डाची. गर्भाशयाच्या, अंडाशयाच्या शस्त्रक्रिया, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, त्याची केमो, रेडिएशन हे योजनेत आहे. टेस्ट ट्यूब बेबी नाही. सगळे दवाखाने योजनेत नाहीत, आणि जे आहेत तिथेही प्रत्येक इलाज होतोच असं नाही. म्हणून भरती होण्याआधी आरोग्यमित्राला गाठा आणि स्पष्ट विचारा: "हे ऑपरेशन याच दवाखान्यात योजनेत बसतं का? मंजुरी आली का?" योजनेचा हेल्पलाइन नंबर 155388.

दुसरी वाट सरकारी दवाखान्याची. तिथे कार्डाचा प्रश्नच येत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. त्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं मोफत, आणि येण्याजाण्यासाठी 102 ची गाडी. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या हेही मोफत. गुप्तरोगासाठी जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक आहे. तिथे नवरा-बायको दोघांनी इलाज घ्यायचा असतो. एकट्या बायकोने गोळ्या खाल्ल्या तर आजार फिरून येतो.

"बात बाहर जाएगी" ही भीती खरी आहे. पण कायदा बाईच्या बाजूने आहे. एचआयव्ही तपासणी तिच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि तिची माहिती उघड करता येत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही नाव गुप्त ठेवण्याची सक्ती आहे, आणि सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. दीनी मसला असेल तर जाणकार आलिमांना जरूर विचारा, पण डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. आपल्याकडे हैज आणि निफासचे मसले मुलींना किताबातून शिकवतात, त्यात कुणाला शरम वाटत नाही. मग तेच दुखणं डॉक्टरला सांगायला शरम कसली? लेडी डॉक्टर हवी असेल तर केस पेपर काढतानाच सांगा.

एक सावधगिरी मात्र हवीच. विमा आला की काही ठिकाणी गरज नसताना "पिशवी काढून टाका" असा सल्ला दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. विमा योजनांखाली झालेल्या अशा अनावश्यक शस्त्रक्रियांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2023 मध्ये कोर्टाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. चाळिशीच्या आत कुणी असा सल्ला दिला तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. मोफत आहे म्हणून ऑपरेशन करायचं नसतं.

आता कागदपत्रं. आपल्याकडे गाडी बहुधा इथेच अडते. आधारवर "बी", रेशन कार्डावर "बेगम". कुठे शेख आधी, कुठे शेवटी. नवी सून सासरच्या रेशन कार्डावर नाही आणि माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं. मंजुरी अडते ती अशाच फरकामुळे, आणि तेव्हा पेशंट खाटेवर असतो. घरातल्या प्रत्येक बाईचं नाव दोन्ही कागदांवर सारखं आहे का, हे आजच समोरासमोर ठेवून तपासा. सुनेचं नाव चढवायचं राहिलं असेल तर निकाहनामा, आधार घेऊन रेशन कार्यालयात अर्ज द्या. अर्ज लिहायला अडचण आली तर शाळेत या, आम्ही लिहून देऊ.