वर्तुळात आखलेलं गाव

पुण्या-नागपुराहून बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या कितीतरी मराठी घरांचा पत्ता आज व्हाइटफिल्ड असतो. पत्त्यात कधी 'इनर सर्कल' किंवा 'आउटर सर्कल' येतं. ही नावं एका शेतीवसाहतीच्या मूळ आराखड्यातून आली आहेत.

1881 साली म्हैसूरचं राज्य इंग्रजांनी वाडियारांकडे परत सोपवलं. 1876 ते 78 च्या दुष्काळाने ओस पाडलेल्या त्या मुलखात पुढच्याच वर्षी महाराजा चामराजेंद्र वाडियारांनी 3,900 एकर जमीन देऊ केली. ती मिळाली म्हैसूर आणि कूर्गच्या युरेशियन व अँग्लो-इंडियन संघटनेला. संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट, गावाला नाव त्यांचंच. तार, रेल्वे, जकात या खात्यांतल्या नोकऱ्यांवर हा समाज जगत आला होता. शिकलेले हिंदी तरुण त्याच जागांसाठी पुढे येऊ लागले, तेव्हा आपल्या माणसांना पायाखाली हक्काची जमीन हवी, असं व्हाइट यांना वाटलं. मला ही दूरदृष्टी वाटते.

मधोमध गोल हिरवं मैदान, भोवती घरांचं कडं, त्यापलीकडे शेतं. कौलारू बंगले आले, चर्च आलं. रेल्वेचा रस्ता जवळच होता. पण माणसं आली नाहीत. 1907 साली गावात 45 घरं आणि 130 वस्ती, एवढाच पंचवीस वर्षांचा हिशेब.

अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळत, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची अट होती. तिकडे जाणाऱ्यांत शेतकऱ्यांची पोरं पुष्कळ होती. इकडे आयुष्य कचेरीत आणि स्टेशनात गेलेल्यांनी विहीर, बैल, गडी आणि हुकणारा पाऊस सांभाळायचा होता. शेती पिढ्यांनी अंगात मुरते; सनदेबरोबर ती येत नाही. व्हाइटफिल्ड हळूहळू पेन्शनरांचं निवांत गाव झालं. 1933 मध्ये रांचीजवळ मॅक्लस्कीगंज वसलं तेव्हा तेच स्वप्न पुन्हा पाहिलं गेलं आणि तेही गाव पुढे रिकामं होत गेलं.

गर्दी आली ती 1990 च्या दशकात, टेक्नॉलॉजी पार्कबरोबर. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि जुने बंगले एकेक करून पाडले गेले. जे थोडे उरलेत, त्यांना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण मिळायला हवं, आणि ही मागणी तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनीही करायला हवी.