आईच्या दुधात उतरलेली अग्निरोधके

घराला आग लागू नये, आणि लागलीच तर ती पसरण्यापूर्वी माणसांना बाहेर पडता यावे, या हेतूला कोणीही नावे ठेवणार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली सोफे व गादीच्या खुर्च्या यांविषयी एक नियम केला, तो याच हेतूने. आत भरलेल्या फोमने उघडी ज्योत बारा सेकंद सहन केली पाहिजे, असे त्या नियमाचे म्हणणे होते. पॉलियुरेथेनचा फोम मुळातच ज्वालाग्राही. तेव्हा कारखानदारांनी त्यात ब्रोमीनयुक्त संयुगे मिसळण्यास प्रारंभ केला. एका राज्यासाठी निराळा माल करणे परवडणारे नसल्यामुळे असे सोफे साऱ्या अमेरिकेत घरोघर जाऊन बसले.

या संयुगांपैकी एक मोठे कुटुंब म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर. तापल्यावर त्यांतील ब्रोमीन मोकळे होते आणि ज्वलनाच्या साखळीत अडथळा आणते, हा त्यांचा गुण. परंतु ती फोमशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. भिंतीचा चुना जसा हाताला लागतो, तशी ती हळूहळू सुटून घरातील धुळीत मिसळतात. धुळीतून हाताला आणि हातावाटे तोंडात जातात. ती लवकर विघटित होत नाहीत आणि शरीरातील मेदात साठून राहतात.

मातेचा संबंध येतो तो येथे. गर्भवती स्त्रीच्या रक्तातील ही द्रव्ये वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. प्रसूतीनंतर शरीरातील मेद दुधात उतरतो, त्यासोबत तीही उतरतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी स्टॉकहोम येथील मातांच्या दुधाचे १९७२ ते १९९७ या काळातील जपून ठेवलेले नमुने तपासले. डी.डी.टी.सारख्या जुन्या विषांचे प्रमाण त्या दुधात वर्षानुवर्षे घटत चालले होते. मात्र या नव्या द्रव्यांचे प्रमाण साधारणतः दर पाच वर्षांनी दुप्पट होत होते.

त्याचा बालकावर काय परिणाम होतो? थायरॉईड ग्रंथीतून स्रवणारा रस गर्भाच्या मेंदूच्या घडणीस अत्यावश्यक असतो, आणि या संयुगांची रचना त्या रसाशी बरीच मिळतीजुळती असते. म्हणून शंका बळावली. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात, मेक्सिकोहून आलेल्या शेतमजुरांच्या कुटुंबांत, बर्कले विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९-२००० पासून गर्भवती स्त्रियांची व पुढे त्यांच्या मुलांची पाहणी आरंभली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार येथील मुलांच्या रक्तात ही द्रव्ये मेक्सिकोत राहिलेल्या तशाच घरांतील मुलांच्या सुमारे सातपट आढळली. २०१३ साली आणखी एक निष्कर्ष पुढे आला : ज्यांच्या मातांच्या रक्तात गर्भारपणी यांचे प्रमाण अधिक होते, त्या मुलांची एकाग्रता, बोटांचे कौशल्य व बुद्ध्यंक सातव्या वर्षापर्यंत तुलनेने कमी भरले. न्यूयॉर्क येथे नाळेतील रक्ताच्या तपासणीवरून २०१० साली याच दिशेचा निर्णय निघाला होता. अशा पाहणीने कार्यकारणभाव निर्विवाद ठरत नाही, आणि एकेका मुलातील फरक अल्पच असतो. पण लक्षावधी मुलांचा विचार केला म्हणजे तो अल्प राहत नाही.

मग मातेने अंगावर पाजू नये काय? तसा सल्ला कोणतीही जबाबदार आरोग्यसंस्था देत नाही. स्तनपानाचे लाभ निश्चित व मोठे आहेत. शिवाय वरच्या दुधावर वाढणारे मूलही त्याच धुळीत रांगते आणि तोच हात तोंडात घालते. दोष दुधाचा नव्हे, सोफ्याचा आहे, आणि उपायही तेथेच हवा.

तो काही अंशी झालाही. २००४ साली युरोपीय संघाने या कुटुंबातील दोन मिश्रणांवर बंदी घातली व अमेरिकेतही त्यांचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने ती जागतिक यादीत घेतली, तर २०१७ साली उरलेले तिसरे. भारत सरकारनेही २०१८ च्या नियमांनी यांपैकी काहींना मनाई केली. कॅलिफोर्नियाने २०१३ साली आपली कसोटीच बदलली : सोफ्याची आग बहुधा धुमसत्या सिगारेटने कापडापासून सुरू होते, तेव्हा ज्योतीऐवजी धुमसण्याची परीक्षा ठेवली. ती रसायनांवाचूनही उत्तीर्ण होता येते.

तरीही सावधगिरी सुटत नाही. मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांतून १९७०-८० च्या दशकात काढून टाकलेले क्लोरीनयुक्त ट्रिस पुढे सोफ्यांच्या फोममध्ये परत आले, हा अनुभव ताजा आहे. जुने सोफे अजून घराघरांत आहेत. फाटलेला फोम उघडा न ठेवणे, जमीन ओल्या फडक्याने पुसणे, मुलांचे हात जेवणापूर्वी धुणे, एवढे घरच्यांना करता येते. परंतु नवे द्रव्य घरात येण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे हे मातेचे काम नव्हे. ते कारखानदाराचे आणि सरकारचे आहे.