विकायला निघालेली गोल्ड स्टार

जुन्या दुचाकींची लेखमाला : भाग ७

मागच्या भागात बीएसएच्या एम-२० या लष्करी गाडीची ओळख करून घेतली. त्याच कंपनीची, पण स्वभावाने पार वेगळी गाडी या भागात घेतो आहे : गोल्ड स्टार. अशी एखादी गाडी दुरुस्त होऊन, क्रोम-पॉलिश होऊन विकायला निघाली, तर हुबळीच्या विद्यानगरातल्या किंवा बेळगाव-कोल्हापूरकडच्या हौशी माणसाने तिच्यात काय पाहायचं, हा आजचा विषय. हौस खरी असते आणि पैसे कष्टाचे असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी नावामागची हकीकत. इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्या स्वाराला कोटावर लावायला सोनेरी तारा मिळायचा. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली हा स्वार बीएसएची एम्पायर स्टार घेऊन उतरला आणि त्याने ताशी १०७ मैलांहून अधिक वेगाने, म्हणजे जवळजवळ १७३ किलोमीटरने फेरी मारली. त्याला तारा मिळाला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कंपनीने नवं मॉडेल काढलं आणि त्याला त्या ताऱ्याचंच नाव दिलं.

युद्धानंतर ही गाडी नव्या रूपात आली. तिचं शेवटचं आणि सर्वांत गाजलेलं रूप १९५६ चं, डीबीडी-३४. एकच सिलिंडर, ४९९ सीसी, बोअर ८५ आणि स्ट्रोक ८८ मिलिमीटर, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या घरात, वेग ताशी ११० मैल. कारखान्यातून निघताना प्रत्येक इंजिन डायनॅमोमीटरवर तपासलं जायचं आणि किती ताकद भरली त्याचा दाखला गाडीबरोबर मिळायचा. आइल ऑफ मॅनवरच्या क्लबमन शर्यतींवर तिने इतकी पकड बसवली की १९५६ मध्ये बर्नार्ड कॉड याने ज्युनियर आणि सीनियर दोन्ही शर्यती गोल्ड स्टारवरच जिंकल्या. त्यानंतर त्या शर्यतीच बंद झाल्या. गोल्ड स्टारचं उत्पादन १९६३ मध्ये थांबलं. तिला लागणारा मॅग्नेटो ल्युकासने बनवणं सोडलं, हे त्याचं एक मोठं कारण.

आपल्याकडे पन्नासच्या दशकात परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं वाढत गेली, १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मग बुलेट इथलीच झाली. त्यामुळे आपल्या देशात अस्सल डीबीडी-३४ दुर्मिळ आहे. आणि जी वस्तू दुर्मिळ, तिची नक्कल होतेच.

नक्कल करणं अवघडही नाही. बीएसएची बी-३१ आणि बी-३३ ही साधी, घरगुती वापराची मॉडेलं गोल्ड स्टारच्या रक्ताचीच. त्यांच्यावर क्रोमची टाकी, लाल गोल बिल्ला, खाली ओढलेली हँडलं आणि मागे वळवलेला सायलेन्सरचा पाइप चढवला की दहा पावलांवरून फरक कळत नाही. म्हणून दहा पावलांवरून पाहायचंच नाही. खाली बसायचं, टॉर्च घ्यायचा आणि आकडे वाचायचे. डीबीडी-३४ च्या इंजिनावर ‘डीबीडी ३४ जीएस’ ही अक्षरं आणि पुढे क्रमांक ठोकलेला असतो. चासीवरचा क्रमांक ‘सीबी ३२’ ने सुरू होतो. अक्षरं एका ओळीत आहेत का, सगळ्यांची खोली सारखी आहे का, आजूबाजूच्या ओतीव धातूचा खरखरीतपणा तसाच आहे का, की तेवढीच जागा कानस मारून गुळगुळीत केली आहे? कानशीचे ओरखडे दिसले तर बोलणं तिथेच थांबवावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दोन्ही नंबर सेम आहेत साहेब’ असं विकणारा अभिमानाने सांगतो. पण त्या काळात बीएसए इंजिनाला आणि चासीला वेगवेगळे क्रमांक द्यायची. दोन्हींवर एकच आकडा असेल तर उलट शंका घ्यायला हवी. खरं जुळणं म्हणजे या दोन वेगळ्या संख्या कारखान्याच्या रवानगीच्या नोंदवहीत एकाच ओळीत सापडणं. त्या नोंदी इंग्लंडमध्ये टिकून आहेत आणि मालकांच्या संघटनांमार्फत तपासून मिळतात. हे पत्रव्यवहाराचं काम विकणाऱ्याने आधीच करून ठेवलं असेल, तर माणूस गंभीर आहे असं समजावं.

आता दुरुस्तीबद्दल. हुबळीत हाताला कसब असलेले कारागीर कमी नाहीत. रेल्वे वर्कशॉपच्या या गावात फिटर आणि टर्नर घराघरांत झाले, लेथवर बुश, पिन, स्पिंडल काढून देणारी माणसं इथे सहज भेटतात. अशा हाताने बनवलेला भाग गाडीत आहे म्हणून ती कमअस्सल होते, असं मला वाटत नाही. लपवलेला भाग मात्र तिला कमअस्सल करतो. कोणता भाग मूळचा, कोणता बाहेरून मागवलेला, कोणता इथे लेथवर काढलेला, याची यादी आणि काम चालू असतानाचे फोटो मागून घ्या. उतरवलेले जुने भागही पिशवीत भरून गाडीबरोबर मागा. झिजलेला मूळ लिव्हर हा नव्या चकचकीत लिव्हरपेक्षा मोठा पुरावा आहे.

दुरुस्ती कुणाच्या हातची आहे, हे नट-बोल्ट सांगतात. या गाड्यांचे नट मेट्रिक मापाचे नाहीत. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड साधारण १३.३ मिलिमीटर भरतं. त्या नटावर १३ चा पाना जात नाही आणि १४ चा सैल बसतो. तो सैल पाना जोर लावून फिरवला की नटाचे कोपरे मारले जातात. क्रोमच्या आड कोपरे गोल झालेले नट दिसले, तर इंजिन उघडणाऱ्याकडे योग्य पाने नव्हते असं खुशाल समजा. ज्याने पाने जमवले नाहीत, त्याने आतलं काम किती जपून केलं असेल, हा प्रश्न मग आपोआप येतो.

गाडी चालू करून पाहण्याआधी सिलिंडरवर हात ठेवा. तो गार हवा. तुम्ही पोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं असेल तर थंडपणी ते कसं उठतं हे कळणार नाही. मग वीसेक मिनिटं चालवून, बंद करून, गरम असतानाच पुन्हा किक मारा. जुन्या मॅग्नेटोच्या वाइंडिंगवरचा लाखेचा लेप उष्णतेने मऊ पडतो. अशी गाडी सकाळी झटक्यात उठते आणि तापल्यावर हटून बसते. रिवाइंडिंग झालंय का, कुणी केलंय, हे विचारायलाच हवं. दुसरीकडे, पहिल्या किकेनंतर मागून निळा धूर निघाला म्हणून लगेच घाबरू नका. या इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीत असतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये साचतं. थोड्या वेळात धूर विरला पाहिजे. विरला नाही, तर पिस्टन-रिंगकडे बघावं लागेल. टाकीच्या आतला लेप आणि रबराचे वॉशरही तपासा. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ते बनलेले नव्हते.

चालवण्याबद्दल स्पष्टच सांगतो. जुनी बुलेट चालवलेल्यांना उजव्या पायाचा गिअर परका वाटणार नाही, पण ओळखीचं एवढंच. गोल्ड स्टारच्या शर्यतीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ताशी ६० मैलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरपर्यंत जातो. कमी वेगात क्लच घसरवत राहावा लागतो. तिच्या अमल जीपी कार्ब्युरेटरला शांतपणे आयडलवर थांबणं ठाऊकच नाही, सिग्नलला मनगटाने रेस देत राहावं लागतं. बीव्हीबी कॉलेजला आणि किम्सला जाणाऱ्या सकाळच्या गर्दीत, बीआरटीएसच्या बाजूच्या लेनमधून ही गाडी नेणं म्हणजे तिचे आणि स्वतःचे हाल करणं. रोज वापरायला त्याच नावाची गाडी हवी असेल, तर महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने २०१६ मध्ये बीएसए हे नाव विकत घेऊन काढलेली ६५२ सीसीची नवी गोल्ड स्टार १५ ऑगस्ट २०२४ पासून भारतात मिळते. ती चांगली गाडी आहे. जुनीची जागा ती घेत नाही, आणि तिने घ्यावी अशी अपेक्षाही नको.

सगळ्यात जास्त फसगत कागदात होते. हुबळीचा हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, आणि कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये आलं. त्यामुळे एकाच गाडीच्या कागदांवर तीन राज्यांची नावं असू शकतात. त्यात संशयास्पद काही नाही, साखळी तुटलेली नसली म्हणजे झालं. आरसीवरचे इंजिन आणि चासी क्रमांक धातूवरच्या क्रमांकांशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. पुष्कळ जुन्या पुस्तकांची नोंद आरटीओच्या संगणकात चढलेलीच नसते. ती चढवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तीही पैसे देण्याआधी. गाडी कोल्हापूर-सांगलीकडे न्यायची तर इथल्या आरटीओची एनओसी लागेल.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर काढता येते. मुख्य अट ही की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे बी-३३ ची गोल्ड स्टार ‘बनवलेली’ गाडी कायद्याच्याही कसोटीला उतरत नाही. हौशी जाणकार जे म्हणतात तेच इथे सरकारही म्हणतं आहे, आणि ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

तेव्हा माझं मत असं : क्रोम थोडं खवलेलं, रंग जुना, पण आकडे अस्सल आणि कागद पुरे, अशी गाडी घ्यावी. आरशासारखी चमकणारी पण जुन्या भागांचा आणि फोटोंचा पत्ता नसलेली गाडी कितीही मोहात पाडत असली तरी सोडावी.

आणि एक विनंती. विद्यानगर, धारवाड, बेळगावातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या काळच्या गाडीचं आरसी बुक, विम्याची पावती, किल्ली किंवा एखादा सुटा भाग माळ्यावर पडून असेल. गाडी कधीच विकली गेली म्हणून ते रद्दीत घालू नका. तिच्या आजच्या मालकाला नेमका तोच कागद हवा असू शकतो.

पुढच्या भागात म्हैसूरची आयडियल जावा.